दोन ढाली

धायरी फाट्याला, टायरवाल्याच्या वर,
रात्री दीडला माझ्या खोलीत उजेड असतो:
बारक्या मामाने नाइलाजाने दिलेला कॉम्प्युटर
आणि त्याचा पंखा, गिरणीसारखा घरघरणारा.
खालून तांबोळीकाका विचारतात, आवाज कसला गं?
मी म्हणते, लढाई चालू आहे काका.
बरं, म्हणतात, मग दार लावून लढ.

रिंगणात उतरताना तलवार घ्यायची असते.
सगळे घेतात. कुणी आगीची, कुणी विजेची,
वाकडच्या एका पोराकडे तर अशी आहे
की म्यानातून काढली की आभाळ जांभळं होतं.
मी दोन्ही हातांत ढाली घेते.
डावी लाकडी, कडेला लोखंडी पट्टी.
उजवी कासवाच्या पाठीची, एका कोपऱ्यात टवका उडालेली.
ताकद शून्य. मंत्र शून्य.
चाळीस पॉइंट मिळतात,
त्यातले एकोणचाळीस मी दमात घातलेत.

पहिल्या महिन्यात खूप हसले.
ताई, परातींचं दुकान काढलंत का?
हे माणूस आहे की दार?
एकाने नुसतं लिहिलं: का?
त्याला उत्तर टाईप करायला घेतलं,
पण माझे दोन्ही हात ढालींत.
बारा वार घालून तो दमला तेव्हा
मी एक पाऊल पुढे सरकले
आणि तो कड्यावरून खाली गेला,
प्रश्नासकट.

ही काय लढाई झाली, म्हणतात. नसेल.
नियम तीनदा वाचलेत मी.
मारलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.
या शहरात पाट्या वाचत मोठी झालेय,
जे लिहायचं राहिलंय
ते आधी दिसतं मला.

तलवारीचा हात खोटं बोलतो.
खांद्याला ते जमत नाही.
वार येण्याआधी खांदा किंचित मागे जातो,
तांदळाच्या दाण्याएवढा.
तेवढंच बघायचं. बाकी आग, वीज, आभाळ
ज्याचं त्याला लखलाभ.

चाळिसावा पॉइंट मासेमारीत आहे.
रिंगणात पाणी नाही. मासे तर नाहीतच.
वाया घालवलास, असं सगळे सांगतात.

बाबा पीएमटीत कंडक्टर होते.
सहा दिवस सुट्ट्या पैशांवरून लोक अंगावर यायचे,
सातव्या दिवशी ते गोऱ्ह्याच्या अलीकडे,
धरणाच्या फुगवट्यात गळ टाकून बसायचे.
मासे काही बोलायचे नाहीत.
दिवसभरात एखादी चिलापी,
कधी तीही परत पाण्यात.
मला म्हणायचे, पाण्याकडे बघू नको, बुचाकडे बघ.
एवढंच शिकवलं त्यांनी.
बाकीचं, स्वयंपाक, हिशेब, लोकांशी वागणं,
आईला शिकवावं लागलं.

गुरुवारी वाकडचा तो समोर आला.
अकरा मिनिटं. जांभळ्या आभाळाखाली
त्याचा खांदा मागे, माझी ढाल वर,
खांदा मागे, ढाल वर.
मग तो थांबला. तलवार वाळूत रोवली.
लिहिलं: तू वार कधी करणार?
मी ढाली खाली ठेवल्या, त्याशिवाय लिहिता येत नाही.
लिहिलं: मलाही माहीत नाही.
या खेळात बसायचं एक बटण आहे,
कुणी वापरत नाही. तो बसला.
मीही बसले.
हळूहळू आभाळ साधं झालं,
बघे कंटाळून निघून गेले.
म्हणाला, माझं नाव ओजस. बिल्ड पाठवशील?
पाठवली.
म्हणाला, हे एकोणचाळीसच आहेत.
म्हटलं, एक तुझा तू बघ.

शुक्रवारी आला तेव्हा तलवार नव्हती.
दोन्ही हातांत ढाली,
डावी उलटी धरलेली.
सांगावं म्हटलं, पण माझे हात अडकलेले.
समोरासमोर उभे राहिलो,
एकमेकांचे खांदे बघत.
तो हलेना. मी हलेना.
बऱ्याच वेळाने गर्दीतून कुणीतरी विचारलं:
सर्व्हर अडकलाय का?